मागच्या पाख्यावरची तारीख

१

वही गेली होती.

काकूंनी कपाटाचा खालचा कप्पा तिसऱ्यांदा रिकामा केला. जुन्या चादरी झटकल्या, उशांचे अभ्रे उलटे करून पाहिले आणि शेवटी रिकाम्या कप्प्यात हात घालून मागची फळीसुद्धा चाचपली, जणू वही लाकडात जिरून गेली असावी.

"इथंच होती हो. परवा या हातांनी पुसून ठेवली."

दारात एक बाई उभी होती. तिच्या खांद्याला जाडी पिशवी होती आणि पिशवीत टॉर्च, मोजपट्टी, कॅमेरा, एक बोथट स्क्रूड्रायव्हर. विमा कंपनीसाठी घरांची छपरं तपासण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. आता तिला कोणी नावाने हाक मारत नसे, सगळ्यांची ती छप्परबाई. एखाद्या घरात कोण राहतं हे ती विसरेल, पण त्या घराला वासे किती हे विसरायची नाही. एक खोड मात्र तिला होती. काही चुकतंय असं वाटलं की तिला बसवत नसे. काकूंनी खुर्ची पुढे केली होती, आणि ती अजून उभीच होती.

चार दिवसांपूर्वीच्या वादळाने काकूंच्या घराचं पुढचं पाखं फोडलं होतं. पाखं म्हणजे छपराची एक उतरती बाजू. या घराला अशी दोन पाखी, एक रस्त्याकडे, एक मागच्या परसाकडे. पुढच्यावर आता निळी ताडपत्री बांधलेली होती, आणि वारा तिला घटकाभरही स्वस्थ बसू देत नव्हता. फड्, फड्, फड्. बोलताना मध्ये थांबलं की तोच आवाज.

"काकू, नियम यंदाच आलाय," छप्परबाई म्हणाली. "छप्पर पंधरा वर्षांच्या आतलं असेल आणि नीट राखलेलं असेल, तर कंपनी मोडलेली बाजू नवी करून देते. वय सिद्ध झालं नाही, तर काहीच नाही. आणि माझा अहवाल आज संध्याकाळी पाचला जायला हवा."

"सिद्ध काय करायचंय? बारा वर्षांपूर्वी घातलंय! आमचे हे दर वर्षी माळ्यावर चढायचे, फोटो काढायचे, वहीत चिकटवायचे, खाली लिहायचे. गेले त्या वर्षापर्यंत. नऊ वर्षांचे फोटो आहेत."

"काय लिहायचे?"

"मला काय ठाऊक? छपराची वही कोण वाचतं? ती काय प्रेमपत्रं होती?" काकू हसल्या, आणि मग हातातली चादर घडी घालू लागल्या. "बाई, हे छप्पर झालं नाही तर मला या घरात राहता येणार नाही. दीर म्हणतात घर विका, माझ्याकडे चला. मला जायचं नाही. चाळीस वर्षं मी याच खिडकीशी उठले. मला इथंच मरायचंय."

छप्परबाईने कपाटाकडे पाहिलं. कुलूप नव्हतं, कधी लावलेलंच नव्हतं. बाकी सगळं जागच्या जागी: विम्याचे कागद, दागिन्यांची डबी, हिशेबाला लागतील अशी पाकिटं. गेली ती फक्त वही.

"परवापासून घरात कोण कोण आलं?"

काकूंनी बोटांवर मोजलं. "दीर. वरची शिवणवाली, ती तर इथंच राहते. आणि ताडपत्री बांधायला मिस्त्री."

"चौथं कोणी?"

"कोणी नाही." आणि मग काकूंच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्या मटकन खाली बसल्या.

२

दीर ओसरीवर सापडले. ते नेहमी कुठल्या तरी ओसरीवरच सापडत. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत तयार.

"या, या, छप्परबाई! काय, वही सापडली? नाही ना? मला वाटलंच. आमचा भाऊ म्हणजे संत माणूस, पण व्यवहार शून्य. अहो, छपराचे फोटो! माणसं बायकामुलांचे काढतात."

"वही नसली तर तुमचं काम सोपं होतं," छप्परबाई म्हणाली. ती ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होती.

दिरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "म्हणजे?"

"दावा फेटाळला जातो. वहिनी घर विकतात. तुमच्याकडे येतात."

"मी सांगतो, स्पष्ट सांगतो. मला वहिनींना न्यायचंय. का? कारण त्या सत्तर वर्षांच्या आहेत आणि रात्री पाय घसरून पडल्या तर या घरात हाक ऐकायला कोण आहे? ती शिवणवाली? तिच्या मशीनच्या खडखडाटात तोफ ऐकू येणार नाही." त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "पण चोरी करून नेईन का मी त्यांना? माझ्या भावाच्या हातची वही आहे ती, बाई."

"परवापासून कपाटाजवळ गेला होतात?"

"शेजारीच तर बसलो होतो. काल दुपारभर. वाऱ्याने ओसरीवर पेपर धरवेना. पण मी काय सांगतो ते ऐका." ते पुढे झुकले. "काल चार वाजता ती शिवणवाली वरून खाली आली. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चपटं, चौकोनी. मी विचारलं, काय गं, काय नेतेस? तर म्हणाली, तुम्हाला काय करायचंय!"

छप्परबाईच्या फेऱ्या थांबल्या.

३

शिवणवालीने आपलं मशीन वरच्या खोलीतून उचलून खाली बोळात आणलं होतं, कपाटाच्या बरोबर समोर. वरच्या खोलीत छताला आभाळ दिसत होतं. सभोवार ओले तागे दोरीवर लटकत होते आणि त्यांच्या मधून तिचा चेहरा रागावलेल्या चंद्रासारखा डोकावत होता.

"चपटं, चौकोनी? हे घ्या." तिने टेबलाखालून कापडाचं गाठोडं काढून उघडलं. आत कागदी बेतणीचा गठ्ठा होता, बाह्या, गळे, कॉलर, सगळं पावसाने फुगलेलं. "पंधरा वर्षांची माझी मापं. ओली झाली म्हणून इस्त्रीखाली दाबायला आणली. त्या भाऊजींना सांगितलं असतं तर त्यांनी मापांवर प्रवचन दिलं असतं."

छप्परबाईला हसू आलं. "वही तू पाहिलीस?"

"परवा पाहिली. काकूंनी मिस्त्रीला दाखवली ना कौतुकाने. म्हणाल्या, बघा, आमच्या ह्यांनी तुमचं काम कसं जपलंय. मिस्त्री उभ्या उभ्या वाचत होता."

"आणि काल?"

"काल मी मशीनवर. मान खाली घातली की मला कपाट कळत नाही, माणूस कळत नाही. भाऊजी होते इथं खुर्चीत. घोरत होते. आणि हो, मिस्त्रीने पाणी मागितलं. मी आणायला उठले." तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, दोरा दोनदा चुकला. "बाई, छप्पर नाही झालं तर मलाही जावं लागेल. कुठं जाऊ मी हे मशीन घेऊन? वही मी कशाला घेऊ? मी तर ती देव्हाऱ्यात ठेवली असती."

"अजून काही? बारीकसारीक?"

शिवणवालीने सुई खाली ठेवली. वर ताडपत्री फडफडली.

"एक आहे. काल पाणी पिऊन मिस्त्री गेला, आणि थोड्या वेळाने माळ्यावर कोणीतरी चाललं. मला वाटलं मिस्त्रीच. पण ताडपत्री तर पुढं बांधायची होती, हो ना? आणि तो आवाज मागच्या बाजूला होता. बराच वेळ. मग थांबला."

४

मिस्त्री परसात आपल्या टेंपोशी उभा होता. साठीचा धिप्पाड माणूस, तळहात कौलांसारखे खरखरीत, आणि डोळे एखाद्या आज्ञाधारक बैलाचे. टेंपोत दुरुस्तीसाठी आणलेल्या नव्या रिपांची, कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांची, जुडी होती. आजूबाजूच्या शंभर घरांवर त्याच्या हातची कौलं होती, आणि त्याने दिलेला दाखला कंपनी आजवर डोळे मिटून धरत आली होती.

"वही गेली म्हणे," तो म्हणाला. "ऐकलं. वाईट झालं. पण बाई, वहीवाचून अडायचं नाही. मी दाखला देतो ना. बारा वर्षांपूर्वी घातलं, पुरं छप्पर, माझ्या हातानं."

"दाखल्याला एक पुरावा जोडावा लागतो. आता तोंडी चालत नाही."

"आहे की. खुणा आहेत." तो पटकन बोलला, जरा जास्तच पटकन. "माझी सवय आहे. पाखं सुरू करताना पहिल्या वाशाच्या कुशीला निळ्या पेन्सिलीनं तारीख घालतो. खाली तीन रेघा. कौलं चढली की ती झाकली जाते, माळ्यावरनंच दिसते. दोन्ही पाख्यांवर आहेत. बघून या."

"तुम्ही चला बरोबर."

"मी माळ्यावर चढत नाही बाई. माझं काम वरनं, आभाळाखाली. माळ्यात जीव घुसमटतो. आजवर स्वतःची खूण खालनं कधी पाहिली नाही मी, देवाशपथ."

हे शेवटचं वाक्य छप्परबाईने मनात ठेवून घेतलं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं हे तिला पुढे कळायचं होतं. पण ते वाक्यच त्याला धरून देणार होतं.

माळ्याची शिडी कुरकुरली. वर अंधार, कोळिष्टकं, आणि ओल्या लाकडाचा वास. पुढच्या बाजूला फुटक्या कौलांतून उजेडाचे तुकडे पडले होते. तिने टॉर्च पहिल्या वाशावर टाकला. होती! निळी पेन्सिल, तारीख, खाली तीन रेघा. बारा वर्षांपूर्वीची. फक्त ती वाचायला तिला मान खांद्यापर्यंत वाकडी करावी लागली, कारण तारीख उलटी होती. डोक्यावर उभी राहिल्यासारखी.

बरोबरच होतं ते. कौलं चढवणारा माणूस वाशाच्या वर असतो. तो वरून ओणवा होऊन वाशाच्या कुशीला लिहितो. कुंपणाच्या भिंतीवरून वाकून पलीकडच्या अंगाला काही लिहिलं, तर पलीकडे उभ्या असलेल्याला ते उलटंच दिसायचं.

ती वाकत वाकत मागच्या पाख्याखाली गेली. पहिला वासा. निळी पेन्सिल. तारीख. खाली तीन रेघा.

छप्परबाईने सवयीने मान वाकडी केली, आणि लगेच सरळ केली.

मान वाकडी करायची गरजच नव्हती. ही तारीख सरळ होती.

५

तिने फोटो काढले. पुढच्या खुणेचे चार, मागच्या खुणेचे चार. मग अंगठा त्या निळ्या रेघेवरून फिरवला. पुढची रेघ लाकडावर नुसती बसलेली होती, जुन्या बांगडीच्या वळासारखी पुसट. मागची रेघ आत रुतली होती; लाकडात बारीक चर पडला होता. कोरड्या लाकडावर पेन्सिल सरकते, ओल्यावर रुतते. लिहिलं तेव्हा वासा ओला होता. आणि वादळाआधी महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. म्हणजे खूण या चार दिवसांतली.

तिने स्क्रूड्रायव्हर काढून मागच्या रिपेला टोचला. तो लोण्यात जावा तसा गेला. पुढे जाऊन टोचला. हिसडा बसला, लाकूड कडक. मागच्या खिळ्यांना डोकीच उरली नव्हती, गंजाने खाल्ली होती. पुढच्यांची गोल, शाबूत. एका छपराच्या दोन बाजू, आणि एकीचं वय दुसरीच्या तिप्पट.

आता ती खाली येऊन परसात फिरू लागली. विहिरीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून विहिरीपर्यंत. घरातले तिघेही खिडकीतून तिच्याकडे बघत होते.

तिने कंपनीतल्या साहेबांना फोन लावला. "समजा, घरात खोटा पुरावा सापडला. मालकाला ठाऊक नाही. तर?"

"मालकाने सही करून तो कंपनीला दिला तर ठाऊक असो-नसो, पूर्ण दावा बाद," साहेब म्हणाले. "मोडलेली बाजू खरी असली तरी बाद. का? काय झालं?"

"काही नाही. पाचपर्यंत पाठवते."

घड्याळात साडेतीन झाले होते. मागची खूण अहवालात जोडली आणि काकूंनी भाबडेपणाने खाली सही केली, तर कंपनीचा कोणीतरी तरणाताठा माणूस ते दोन फोटो शेजारी ठेवील, आणि काकूंची खिडकी गेली. त्या खुणेबद्दल गप्प बसावं, तर पुढचं पाखं नीट राखल्याचं सांगणारी वही नाही. पुढच्या एकट्या खुणेवर कंपनी मानायची नाही. वही हवी. आणि वही ज्याच्याकडे आहे, त्याला ती स्वतःहून बाहेर काढायला लावायला हवं. पंचनाम्याने माणूस तोंड उघडतो, मन उघडत नाही, हे तिला बावीस वर्षांत पुरतं कळलं होतं.

पण कोण? दीर? शिवणवाली? मिस्त्री? तिने विहिरीच्या कठड्यावर बोटाने आकडे काढले. एकदा सरळ, एकदा उलटे. मग थांबली. पुन्हा काढले.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "न पाहिल्यामुळेच की!"

आणि ती घराकडे धावली.

६

तिने चौघांना बोळात बसवलं, कपाटासमोर. स्वतः उभी राहिली. मिस्त्री उंबऱ्याशी टेकला होता.

"काकू, मागच्या पाख्यावर एक तारीख आहे. ती खोटी आहे. काल लिहिलेली."

"खोटी?" काकूंना शब्दच कळेना. "तारीख कशी खोटी असेल?"

"मी सांगतो!" दीर उठले. "ही शिवणवाली..."

"बसा भाऊजी. घोरताना तुम्ही जास्त उपयोगी होता," शिवणवाली म्हणाली.

"दोघंही गप्प बसा," छप्परबाई म्हणाली, आणि गंमत म्हणजे दोघंही बसले. "ऐका. ही खोटी तारीख कोणी लिहिली असेल? समजा, भाऊजींनी. किंवा हिने. त्यांना मिस्त्रींच्या खुणेची रीत ठाऊक नाही. मग ते काय करतील? आधी पुढची खरी खूण शोधतील. तिच्याकडे बघून तशीच दुसरी काढतील. आता माळ्यात उभं राहिलं तर खरी खूण दिसते कशी? उलटी. डोकं खाली, पाय वर. बघून काढणाऱ्याने तीसुद्धा उलटीच काढली असती. खऱ्यासारखी दिसायला हवी ना! तिथं तो आकड्याकडे बघत नाही, आकाराकडे बघतो."

वर ताडपत्री थांबली होती.

"पण मागची खूण सरळ आहे. म्हणजे लिहिणाऱ्याने पुढची खूण पाहिलीच नाही. पाहायची त्याला गरज नव्हती. ती त्याच्या बोटांत होती. तेच वळण, तोच दाब, त्याच तीन रेघा. तो माळ्यावर चढला, वाशासमोर उभा राहिला आणि आयुष्यभर लिहीत आला तसं लिहून मोकळा झाला. आपली खूण खालून उलटी दिसते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. कारण..." तिचा आवाज मऊ झाला. "कारण त्याने ती खालून कधी पाहिलीच नव्हती. देवाशपथ."

कोणी मान वळवली नाही, तरी सगळे मिस्त्रीकडेच बघत होते.

मिस्त्रीने काही नाकारलं नाही. तो उठला, एकेक पाऊल टाकत टेंपोपर्यंत गेला, हत्यारांची थैली घेऊन परत आला आणि तिच्या तळातून वही काढून काकूंच्या पुढ्यात ठेवली. ती जाड प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली होती.

"फाडायला घेतली होती," तो म्हणाला. "फाडवेना."

"पण का हो?" काकूंचा आवाज फुटला. "मिस्त्री, तुम्ही? माझ्या हातचा चहा प्यायलात... तुम्ही आमच्यात जेवलात!"

"पुरं छप्पर ठरलं होतं ताई. पुढचं पाखं झालं आणि मी मागच्यावरनं पडलो. पाय मोडला. सहा महिने खाटेवर. दादांनी पुऱ्या कामाचे पैसे घरी आणून दिले. म्हणाले, बरा झालास की कर मागचं. मी बरा झालो. पण त्या पाख्यावर पाय ठेवायला गेलो की गुडघा लटलटायचा. दुसऱ्यांची छपरं केली. हे एक होईना. आज करू, उद्या करू. आणि दादाच गेले." त्याने तोंडावरून हात फिरवला. "परवा तुम्ही वही दिलीत हातात, कौतुकानं. त्यात सगळं लिहिलंय. वाटलं, ही बाई आज वाचणार, सगळी गल्ली मला चोर म्हणणार. आणि वाटलं, अर्धंच छप्पर नवं निघालं तर तुमचाही दावा जाईल. दोन्ही बाजूंना तारीख असली की तुमचंही भागेल आणि माझंही."

"पण मोडलं कोणतं पाखं?" छप्परबाईने विचारलं.

"पुढचं."

"आणि नवं कोणतं?"

इतक्या साध्या जागी मिस्त्रीची अक्कल पोचलीच नव्हती. लाज माणसाच्या डोळ्यांवर हात ठेवते, तो असा.

"पुढचंच," तो पुटपुटला.

"म्हणजे काकूंचा दावा पहिल्यापासून खरा होता. तो बुडवायला एकच गोष्ट पुरली असती. तुमची मागची तारीख."

काकूंनी वही उघडली होती. पहिल्या वर्षाचे फोटो. खाली त्यांच्या नवऱ्याचं बारीक, टापटीप अक्षर. त्यांनी मोठ्याने वाचलं, "पुढचं पाखं उत्तम. मागचं जुनंच आहे. मिस्त्रीचा पाय बरा झाला की." पान उलटलं. दुसरं वर्ष. "पुढचं उत्तम, दोन कौलं बदलली. मागचं जुनंच, मिस्त्रीचा पाय बरा झाला की." तिसरं. चौथं. नऊ वर्षं, नऊ पानं. तेच वाक्य. एकदाही शिवी नाही, एकदाही तगादा नाही.

वाचून झाल्यावर काकूंनी वही मिटली, आणि सगळ्यांना वाटलं त्या आता रडणार. त्या भडकल्या.

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही! नऊ वर्षं मी त्या कुजक्या छपराखाली झोपले, आणि हा देवमाणूस फोटो काढत बसला! भेटू दे वर, बघते!"

शिवणवालीला हसू आवरेना. दिरांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, ते उलटं होतं.

७

चार वाजून वीस मिनिटं. छप्परबाईने अर्ज काढला. वहीतले पुढच्या पाख्याचे नऊ फोटो, खरी खूण, खिळे, रिपा. मोडलेली बाजू: बारा वर्षं. पुरावा पुरेपूर.

"आता मागची खूण," ती म्हणाली. "ती आहे, खोटी आहे आणि कोणी लिहिली, हे मला लिहावं लागेल. खाली मिस्त्रींची सही. म्हणजे कंपनीला कळेल की काकूंनी काही लपवलं नाही. पण मिस्त्री, त्यानंतर तुमचा दाखला कुठल्याच घराला चालायचा नाही."

शंभर घरं, चाळीस वर्षांची पत.

"लिहायलाच हवं का?" दीर हळूच म्हणाले. आणि मग, स्वतःलाच नवल वाटावं तसे, "नाही म्हणजे, पॉलिश पेपर मारू. पाच मिनिटांत खूण गायब. वहिनींचं काम झालं, ह्याचीही लाज राहिली. कोणाला कळणार?"

छप्परबाई दाराकडे गेली, परत आली. वही सापडली होती, घर वाचलं होतं. खरंच, कोणाला कळणार होतं? तिच्या हातातलं पेन तिला जड झालं. तिने काकूंकडे पाहिलं. काकूंनी मिस्त्रीकडे.

मिस्त्रीने मान हलवली. "नको भाऊसाहेब. बारा वर्षं तेच तर पुसतोय." त्याने हात पुढे केला. "द्या बाई. कुठं करायची?"

त्याने सही केली. अक्षर दोनदा अडखळलं. काकूंनी त्याच्याखाली आपली सही केली, मग पेन बंद करून छप्परबाईला न देता हातातच धरून बसल्या.

"मिस्त्री."

"जी."

"क्षमा वगैरे मला आत्ता जमायची नाही. मी रागावलेय. तुमच्यावर थोडी, त्यांच्यावर जास्त. पण मला एक सांगा. गुडघा अजून लटलटतो का?"

मिस्त्रीने गुडघ्यावर हात ठेवला. "लटलटतो."

"मग भाऊजी शिडी धरतील."

"मी?" दीर म्हणाले.

"घर पडेल, वहिनी पडतील, म्हणून चार दिवस माझं डोकं खाताय ना? धरा शिडी!"

दीर उठले. इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या त्यांनी दुमडल्या तेव्हा शिवणवाली म्हणाली की पंधरा वर्षांत ही घडी कोणी मोडलेली पाहिली नव्हती. मिस्त्री परसात गेला. टेंपोतून त्याने रिपांची जुडी खांद्यावर घेतली, मग परत ठेवली. आधी हात रिकामे हवेत, तो म्हणाला. शिडीच्या पहिल्या पायरीवर तो बराच वेळ नुसता उभा होता. दोन्ही पाय एका पायरीवर, मग पुढची. पुन्हा दोन्ही पाय. खालून दीर ओरडत होते, "मी धरलंय, मी धरलंय," आणि डोळे मात्र त्यांनी गच्च मिटले होते.

छप्परबाई आत एकटीच अर्जावर वाकली. मागचं पाखं. वय: चाळीस वर्षे. तिने पुढचा रकाना घेतला, सद्यस्थिती. कुजलेलं, धोकादायक, विम्यास अपात्र, हे शब्द तिने हजारदा लिहिले होते आणि ते खरे होते. तिने पेन टेकवलं.

तेवढ्यात डोक्यावर खडखड झाली. एक कौल सुटलं. मग दुसरं. मागच्या खोलीत, जिथे चाळीस वर्षांत उजेड कधी वरून आला नव्हता, तिथे जमिनीवर सूर्याचा एक चौकोन पडला.

आणि त्या दिवशी पहिल्यांदाच छप्परबाई खुर्चीत बसली. रकान्यात तिने लिहिलं: काम चालू.